छतावर ऊन, गाड्या रस्त्यावर

आमच्या दुकानांना माल पोचवणाऱ्या सहा डिझेल गाड्या काढून इलेक्ट्रिक घ्यायचं ठरलं. गोदाम माझ्याकडे, म्हणून हेही माझ्याच गळ्यात पडलं. हिशोब सोपा वाटला. एक गाडी दिवसाला ८० किलोमीटर फिरते, किलोमीटरला ०.६ युनिट धरलं तर जवळपास ५० युनिट, सहांचे ३००. छतावर ६० किलोवॉटचे सोलर पॅनल बसले. चांगल्या उन्हात त्यांतून दिवसाला अडीचशेच्या वर युनिट मिळतात. जमलं की!

कसलं जमतंय. भर उन्हात गाड्या रस्त्यावर, आणि त्या परत येईपर्यंत ऊन गेलेलं. संध्याकाळी सातला आल्या की ड्रायव्हर प्लग लावून घरी. ३० किलोवॉटचे सहा चार्जर एकदम सुरू, म्हणजे १८० किलोवॉट. पहिल्या बिलात युनिट बेताचेच, पण कमाल मागणीचा आकार पाहून अकाउंट्समधून थेट फोन. किती वीज वापरली याचे पैसे वेगळे आणि एका वेळी किती ओढली याचे वेगळे, हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं.

उपाय मात्र साधा निघाला. गाड्या रात्री दहा तास उभ्याच असतात. ३०० युनिट दहा तासांत भरायला सरासरी ३० किलोवॉट पुरतात. चार्जरना लोड वाटून देणारी यंत्रणा बसवली, ४० किलोवॉटची मर्यादा घातली, आणि सकाळी जी गाडी आधी निघते तिचा नंबर पहिला. (हे आधी केलं असतं तर इतके मोठे चार्जर घेतलेच नसते.)

उन्हासाठी दोन गाड्यांच्या फेऱ्या बदलल्या. दुपारी दुसरा माल भरेपर्यंत पाऊण तास त्या चार्जिंगला असतात. ड्रायव्हर आधी कुरकुरले, मग जेवणाची वेळ तीच झाल्यावर गप्प झाले.

एकदा भर दुपारी वीज गेली आणि पॅनलही बंद! पॅनलची वीज ग्रीडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला, जोडणारा इन्व्हर्टर ती लाइन मेली की स्वतःच थांबतो, नाहीतर पॅनलची वीज बाहेर जाऊन तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसेल. चिडता येईना.

आजही छतावरची बरीचशी वीज गोदामातलं शीतगृहच खातं. पाहुणे आले की साहेब वर बोट दाखवतात, "आमच्या गाड्या उन्हावर चालतात." मी चहा सांगायला जातो.