टायरॉडचा नट नुसताच गरगरतोय

पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मालकाने पुढच्या चाकातला खेळ (ढिलेपणा) आणि खडखड घालवायला स्वतःच डावा टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या रॉडच्या टोकाचा जॉइंट, बदलायला घेतला होता. जुना निघाला, नवा बसला, पण नट निम्म्यावर अडकला. आवळा किंवा सोडवा, पिन नटाबरोबर गरगर फिरत होती.

"काका, पार्ट डुप्लिकेट निघाला का?" मालकाने मेकॅनिकला विचारलं.

पार्ट चांगला होता. जॉइंटची पिन निमुळती असते आणि नकलमधलं (चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या भागातलं) भोकही त्याच उताराचं असतं. दोन्ही कोरडी असली की एकमेकांत रुततात, पिन जागची हलत नाही आणि मगच नट आवळता येतो. इथे रबरी बूटचं ग्रीस पिनेला फासलं गेलं होतं, भोकात जुना गंज तसाच होता. त्यात नट नायलॉकचा, म्हणजे आट्यांत नायलॉनची कडी असलेला. नायलॉनची पकड टेपरच्या (निमुळत्या भागाच्या) पकडीपेक्षा जास्त झाली, म्हणून पिन फिरणारच.

काही पिनांच्या टोकाला एलन कीसाठी खाच असते, हिला नव्हती. या गाडीत पिन खालून वर जाते, त्यामुळे छोटा बॉटल जॅक जॉइंटच्या बुडाखाली लावून बेताचा दाब दिला. गाडी स्टँडवरून उचलली जाईल इतका दाब द्यायचा नाही. (पेव्हर ब्लॉकवर स्टँड लावताना खाली जाड प्लायवूड हवंच.) टेपर चावला, नट सुटला. भोक एमरी पेपरने हलकं घासलं, दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसल्या. मग त्याच आट्यांचा साधा नट आवळून टेपर बसवला, तो काढून नवा नायलॉक लावला. लहान गाड्यांत टॉर्क साधारण 35 ते 50 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. कॅसल नट (डोक्यावर खाचा असलेला) असेल आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर किंचित पुढे आवळायचं, मागे कधीच सोडायचं नाही.

चाक चढवून घड्याळाच्या 9 आणि 3 वर धरून हलवलं, तर खेळ तसाच. 12 आणि 6 वर काही नाही, म्हणजे बेअरिंग आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट ठीक. रॅकचा (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्याचा) बूट चिमटीत धरला आणि मालकाला चाक हलवायला सांगितलं. आत स्पष्ट टक्‌ लागत होतं: रॅक एंड, म्हणजे रॉडचा आतला जॉइंट, गेला होता. बूटच्या घडीत चीर आणि आत तपकिरी पाणी. खडखड मुळात इथलीच.

रॅक एंड सोडवताना रॅकचा दांडा दुसऱ्या पान्याने धरावाच लागतो, नाहीतर सगळा जोर पिनियनच्या (रॅकला सरकवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांवर जातो. दांड्यावर गंजाचे खड्डे असते तर नवा एंड घालण्यात अर्थ नव्हता. इथे दांडा गुळगुळीत होता. लॉक वॉशर, बूट आणि क्लिप नवीन घातल्या. बूटच्या लहान तोंडाला आतून जरासं ग्रीस लावलं, म्हणजे अलाइनमेंटला रॉड फिरवताना बूट पिळवटत नाही.

मालकाने जुना टायरॉड काढताना आटे मोजून ठेवले होते. पण नव्या एंडची लांबी वेगळी, त्यामुळे तो आकडा फुकट. मोजायचं असतं ते लॉक नटपासून पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर. इथे आट्याची पिच 1.5 मिमी आणि नकलचा हात सुमारे 12 सेंमी, म्हणजे रॉडचा एक पूर्ण फेरा चुकला की चाक जवळपास 0.7 अंश वळतं. 14 इंची रिमच्या पुढच्या-मागच्या कडेत साडेचार-पाच मिमीचा फरक! इतक्या टोमध्ये (चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्यात) टायरची कड भराभर खाल्ली जाते. स्टिअरिंग सरळ करून, गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर समांतर दोऱ्या ताणल्या आणि रिमच्या कडांपासूनची अंतरं जुळेपर्यंत रॉड फिरवला. लॉक नट आवळताना जॉइंट पान्याने सरळ धरला, नाहीतर तो एका बाजूला कलतो आणि पिन वळणावर अडते. दोरीचं माप फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळू नेण्यापुरतं; गाडी तिथूनच थेट मशीनवर चढवायला पाठवली.