कोऱ्या फॉर्मवर सही नको

आज आमची मारुती आठशे विकली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमएच १२. गळा दाटलेला असतो नेमकं तेव्हाच माणूस दाखवतील तिथे सह्या करतो, म्हणून हे लिहितोय.

फॉर्म २९ (गाडी विकल्याची आरटीओला सूचना) च्या दोन प्रती, फॉर्म ३० (नावबदलाचा अर्ज) ची एक. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही करायची नाही. एजंट हमखास म्हणतो, "कोरेच द्या, आम्ही भरतो." मग गाडी तीन हात फिरते आणि ई-चलान तुमच्या मोबाइलवर येतं. आरसीवर नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यातही तुम्हीच. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. चावी देताना तारीख आणि वेळ (हो, वेळसुद्धा) लिहिलेली पोच घ्या.

कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नव्हे, मालकाचा. विक्रीचे कागद दाखवून विमा कंपनीकडून पत्र घ्या. तीन वर्षं चालतं, नव्या गाडीला लागू होतं.

फास्टॅग बंद करा, नाहीतर खेड शिवापूरचा टोल तुमच्या खात्यातून.

आणि डॅशबोर्डवरचा गणपती उचकटू नका, तळ तुटतो. हेअर ड्रायरची ऊब द्या, टेप मऊ पडला की दोऱ्याने हळूच कापत न्या.