फियाटचं चाक आणि माझा खांदा

फिजिओवाल्या ताईंनी विचारलं, हात वर न्यायला त्रास कधीपासून होतोय, तर मी बोलून गेलो, "तुळशीबागेपाशी गाडी लावली तेव्हापासून." त्यांना वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच, बाबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी (आमच्या घरी तिला फियाटच म्हणतात) दोन गाड्यांच्या मधल्या फटीत घालताना मी जे काही स्टेअरिंगचं चाक ओढलंय ना, मागे रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि खांद्यातून कट्ट आवाज. ताई म्हणाल्या फ्रोजन शोल्डर असा एका दिवसात होत नसतो, गाडीला उगाच बोल लावू नका.

तर तेव्हापासून घरात एकच विषय, पॉवर स्टेअरिंग बसवायचं का. मुलगी मला म्हणते, बाबा, कुणाला कळणारसुद्धा नाही, चाक फिरवायला जोर देणारी मोटर डॅशबोर्डच्या खाली जाते. मेव्हणा म्हणतो छे, ओरिजिनॅलिटी गेली. तो स्वतः ऑटोमॅटिक चालवतो, पण ते असो.

मजा अशी की ही गाडी चालताना जड नाहीच. दिवे घाटात तिसऱ्या गियरला चाक दोन बोटांत धरा, रस्त्यावरची खडी न् खडी तळहाताला कळते. जड होते ती उभी असताना. कारण उभ्या गाडीत टायर नुसता जागच्या जागी रस्त्यावर घासत वळवायचा असतो, वर इंजिनाचं वजन, आणि ते सगळं तुमच्या हातातनं, चाकाची फिरकी टायरपर्यंत पोचवणाऱ्या वर्म आणि रोलरच्या (मळसूत्र आणि त्यावर फिरणारा रूळ) त्या डब्यातनं. (अँबॅसिडरवाले इथे आमच्याकडे रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चक्र, म्हणून कॉलर ताठ करतात, करू देत.) गाडी मुंगीच्या पावलांनी जरी सरकत असली तरी टायर घासत नाही, गोल फिरतो, आणि निम्मा जोर वाचतो. म्हणून बाबांचा नियम होता, गाडी हलल्याशिवाय हात हलवायचा नाही. मुलीला हे पटतच नाही, ती शिकलीच इलेक्ट्रिक स्टेअरिंगवर, उभ्या गाडीत एका बोटाने गरागरा फिरवते.

तिचंही बरोबरच आहे म्हणा. ही सोय काय आजची नाही, 1951 च्या क्रायसलर इम्पिरियलमधे पॉवर स्टेअरिंग विकत मिळत होतं, इंजिनावर चालणारा पंप आणि तेलाचं प्रेशर, आणि मोटरवालं पहिल्यांदा आलं ते 1988 मधे सुझुकीच्या 'सर्वो' नावाच्या गाडीत. आपली पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तेव्हाही बनतच होती, आणि चाक मोठं ठेवायचं म्हणजे पुरेशी तरफ मिळते, एवढाच तिच्याकडे उपाय.

शेवटी नाना पेठेत जाऊन किटचा भाव काढला, चिठ्ठीवर लिहून घेतला, आणि आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी स्टेअरिंगखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, मोटर बसवू की, पण तुमचा हँडगियर ह्याच दांड्याला आहे. मग गियर खाली घ्यायला लागेल." म्हणजे डाव्या हाताने स्टेअरिंगच्या बाजूचा दांडा वरखाली करत गियर टाकायचा, ज्याच्यासाठी लोक सिग्नलला काच खाली करून बघतात, तोच जाणार. मी गप्प. एका खांद्यासाठी एवढं?

मग त्यांनी पुढच्या टायरची हवा तपासली. 18. मी 24 धरून चाललेलो, किती महिन्यांपूर्वी भरली होती देव जाणे. किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) ग्रीस भरायच्या निपलवर माती बसून दगड झालेला, स्टेअरिंग बॉक्समधलं ऑइल तळाला. आणि टायर, ते तर मीच मागच्या वर्षी रुंद टाकलेले, दिसायला भारी दिसतात म्हणून. मिस्त्री टायरकडे बघत होते, मग माझ्याकडे, बोलले मात्र काही नाहीत, जे जास्त लागलं. ग्रीस मारलं, ऑइल घातलं, हवा भरली, चाक चार आणे तरी हलकं झालं. मूळ मापाचे टायर टाकले की अजून होईल म्हणाले. ते टाकायचेत.

घरी येऊन आईला सांगत होतो. आई 78 वर्षांची, तिने हीच गाडी साडी नेसून पार साताऱ्यापर्यंत चालवलीये, खंबाटकी उतरून. म्हटलं, तुझे हात कसे नाही दुखले गं कधी? ती शेंगा सोलत होती, वर न बघता म्हणाली, "मला काय दुखायचंय, मी गाडी कधी लावलीच नाही. दारात उतरायचे. लावणं ह्यांचं खातं होतं."

चिठ्ठी अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. सध्या मी तुळशीबागेच्या बरंच अलीकडे, दोन गाड्यांची सलग जागा दिसली की सरळ नाक घालून लावतो आणि दहा मिनिटं चालत जातो. येताना पिशव्या डाव्या हातात.