कांडी कुणाच्या हातात?

सहा वर्षं झाली, मी सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, पाहिलेला नाही. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात त्याच जानेवारीत मिशिगनमध्ये आमच्या हायस्कूलच्या रोबोटिक्स टीमची धांदल सुरू होते. मी तिथे मेंटर आहे. डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची ही रोबोंची स्पर्धा. खेळ जानेवारीच्या सुरुवातीला जाहीर होतो आणि मार्चपर्यंत रोबो मैदानात उतरवावा लागतो.

यंदा जूनमध्ये सोलापूरला आले तेव्हा भाची वाटच बघत होती. ती कॉलेजच्या रोबोकॉन टीमची, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेत उतरणाऱ्या टीमची, कॅप्टन.

"मावशी, सुरुवातीला चाळीस जण नाव देतात, शेवटी सात उरतात. बाकीचे आले तरी कोपऱ्यात रील बघत बसतात. तुझी पोरं कशी टिकतात गं?"

माझीही टिकत नव्हती. पहिल्या वर्षी मी रोज मेसेज पाठवायचे, भाषणं द्यायचे. तिघं कॉम्प्युटरवर डिझाइन करायचे आणि बाकीचे त्यांच्या पाठीमागे उभे. उभं राहून कोण किती दिवस येईल?

मला आठवला आमच्या पूर्व भागातल्या शेजाऱ्यांचा माग. त्या घरातली लहान पोरं आधी कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. कांडी संपली की माग थांबायचा, आणि आपल्यामुळे थांबला हे त्या पोराला लगेच कळायचं.

दुसऱ्या वर्षी मी कांड्या शोधल्या. सतत फोनमध्ये असणाऱ्या एका मुलाला बॅटऱ्या दिल्या. आमच्या रोबोला १२ व्होल्टची, सुमारे सहा किलोची लेड-अ‍ॅसिड बॅटरी लागते. ती थकलेली असेल तर मोटारींनी जोर लावताच व्होल्टेज ढासळतं आणि रोबो भर सामन्यात जागीच गप्प होतो. सामना जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटांचा, तेव्हा सावरायला वेळच नसतो. त्याने प्रत्येक बॅटरीला नंबर दिला, वही केली, चार्जिंगच्या वेळा लिहू लागला. एकदा तापाने घरी होता, तरी त्याचा फोन आला: तीन नंबरची लावू नका, ती लवकर उतरते.

तोच मुलगा, ज्याला मी जवळजवळ काढून टाकणार होते.

बंपरच्या कापडाची शिलाई, सुट्या भागांची पेटी, वायरींवरच्या चिठ्ठ्या ही सगळी खरी कामं आहेत. "उद्या ये" म्हणण्यापेक्षा "तुझी वायरिंग झाल्याशिवाय उद्या चाकं फिरणार नाहीत" हे सांगितलं की पोरं येतात. आणि परीक्षेच्या आठवड्यात त्यांना मोकळं सोडायचं, तेव्हा ओढाताण केली की आई-वडीलच पाठवत नाहीत.

भाचीने कागद घेतला, नावं लिहिली, समोर कामं. एका नावापाशी पेन थांबलं.

"याला काय देऊ?"

"त्याला काय जमतं?"

"कधी विचारलंच नाही."

तिने तिथेच फोन उचलला. पहिलं वाक्य ऐकू आलं, "अरे, कुठंयस? चहाला ये की."