‘शी वेग, शी वोर’: चाल बसली, खर्ज अजून छाटतोय

‘शी वेग, शी वोर’ ही आयरिश हार्पवादक टरलॉ ओ’कॅरोलनची (१६७०–१७३८) पहिली रचना मानतात. देवीच्या रोगाने दृष्टी गेलेला हा वादक एकविशीत घोडा आणि वाटाड्या घेऊन निघाला आणि लीट्रिम परगण्यात जॉर्ज रेनल्ड्सकडे उतरला. तिथल्या दोन टेकड्यांवरच्या पऱ्यांच्या लढाईवर काही रच, असं रेनल्ड्सने सुचवलं, अशी कथा आहे. मात्र चाल सगळी त्याचीच नसावी. कॅरोलनचे चरित्रकार डोनल ओ’सलिव्हन यांनी तिचं मूळ एका जुन्या कोकिळागीतात दाखवलंय, आणि ते कानाला पटतं.

आता वादन. पट्टी डी. हार्प सी मेजरमध्ये लावलेली असेल तर फक्त एफ आणि सीचे लिव्हर (तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढवणारी कळ) वर. ई फ्लॅटमध्ये असेल तर ई, ए, बीचेही. खालच्या सप्तकातला एफ हमखास राहून जातो आणि खर्जात मेजरचा मायनर होतो. लिव्हर चढवल्यावर सूर किंचित सरकतो, म्हणून त्या तारा पुन्हा तपासा.

डी म्हणजे सा धरला तर सुरुवात अशी: सा रे । ग - रे सा । सा सारे सा । मग खालचे ध, प आणि ग. ठेका तीन मात्रांचा, पण वॉल्ट्झसारखा दर मात्रेला खर्ज ठोकला की चाल जड होते. पहिल्या मात्रेवर सा-प-सा, बाकी मोकळं. खर्जात ग घालूच नका. तिथे जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळून नुसता गढूळ आवाज येतो. कॅरोलनचा स्वतःचा खर्ज लिहिलेला मिळत नाही, त्यामुळे अमुकच बरोबर असा हट्ट कुणी धरू नये.

पितळी तारांवर खरी मेहनत तार थोपवण्यात आहे. नायलॉनपेक्षा त्या कितीतरी जास्त वेळ घुमतात. ‘ग रे सा’ उतरताना सा छेडला त्याच क्षणी दुसरं बोट रेच्या तारेवर परत टेकवायचं. ग घुमत राहिला तरी चालतो, साशी जुळतो. बोट उशिरा टेकलं तर रे-सा घासतात, जोरात टेकलं तर तार खरखरते. नख न लावता मांसल भाग टेकवा.

दुसऱ्या भागात चाल वर चढते. तिथे दोन्ही हात लांब जातात, म्हणून खर्ज एका सुरावर आणलाय. थोपवण्याचा क्रम तिथे अजून ठरलेला नाही.