खळ्यात बदललेले पिकअपचे इंजिन : माझा अनुभव

चोपडा तालुक्यात केळी आणि कापूस करणाऱ्या घरात पिकअप उभी राहिली की सगळेच काम अडते. आमच्याकडची महिंद्राची जुनी डीआय पिकअप वर्षानुवर्षे केळीचे घड, कापसाचे गठ्ठे आणि खताच्या गोण्या ओढत आली, आणि अखेर तिचे इंजिन थकले. ती ऑइल पिऊ लागली, हिवाळ्यात पहाटे चालू व्हायला धक्का मागू लागली आणि चालू इंजिनावरचे ऑइलचे झाकण उघडले की आतून धुराचे भपकारे येऊ लागले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट वाढून दाब खाली निसटत असल्याची ही खूण होती. एरवी बोरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून, पिस्टन-रिंग बदलले असते. परंतु मागच्या कामात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, घासून तिसाच्या बेअरिंगवर, म्हणजे मूळ मापापेक्षा सुमारे पाऊण मिलिमीटर कमी मापावर आणलेला होता, आणि आता त्यावर पुन्हा ओरखडे पडलेले दिसत होते. नवा क्रँक, बोरिंग, पंप आणि हेडचे काम अशी बेरीज केल्यावर दुसरे सुस्थितीतले इंजिन आणून बसवणे स्वस्त ठरत होते.

कोणते इंजिन आणायचे यावर गावात बरीच चर्चा झाली. कॉमन रेलचे, म्हणजे डिझेलची फवारणी कॉम्प्युटरने चालणारे नवे इंजिन टाका, ताकद वाढेल, असा सल्ला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही, कारण त्या इंजिनाबरोबर त्याचा कॉम्प्युटर, सेन्सर, वेगळा डिझेल पंप आणि संपूर्ण वायरिंग आणावे लागते, आणि रस्त्यात बंद पडल्यास आमच्या भागातला ट्रॅक्टरचा मिस्त्री त्याला हात लावत नाही. जुने डीआय इंजिन २५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे, बोर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. त्याची घडण इंचांच्या काळातली आहे हे या आकड्यांवरूनच कळते. असे इंजिन पान्यांनीच दुरुस्त होते, आणि माझ्या लेखी घाटात मिळणाऱ्या जादा ताकदीपेक्षा ही गोष्ट मोलाची आहे.

कागदपत्रांचा विचारही त्याच बाजूचा होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. म्हणून त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन निवडले, विक्रेत्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेले पक्के बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत घेतली, आणि आधी जळगावच्या परिवहन कार्यालयात अर्ज केला. बिल नसलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. ते चोरीच्या गाडीचे निघाल्यास निस्तरता निस्तरत नाही.

भंगारातले इंजिन पारखण्याचे काम माझ्या मावसभावाने केले, जो ट्रॅक्टरची कामे करतो. त्याने नोझल, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्या, काढून क्रँक पुलीवर गोटी पाना लावला आणि इंजिन हाताने पूर्ण फेरे फिरवले. कुठे अडते का, एखाद्या जागी जास्त सैल पडते का, हे त्याने पाहिले. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचे जड चाक, पहारीने पुढे-मागे ढकलून क्रँकचा खेळ तपासला. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले असते तर पाणी मिसळल्याचे समजून आम्ही तिथूनच परतलो असतो. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, उतरवून तळाशी बोट फिरवले तेव्हा काळा गाळ लागला, पण धातूची चमक नव्हती.

इंजिन दोन क्विंटलांहून जड असल्यामुळे ते उचलायचे कशाने, हा पुढचा प्रश्न होता. कडुनिंबाच्या फांदीला चेन कप्पी टांगण्याची पद्धत सर्रास दिसते. मला ती धोक्याची वाटते. आम्ही विहिरीतल्या मोटारी काढणाऱ्या नानांची लोखंडी तिपाई आणि एक टनाची चेन कप्पी आणली आणि तिचे पाय सरकू नयेत म्हणून ते साखळीने एकमेकांना बांधले. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही. त्यामुळे आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर घेतलेले हे काम आम्ही पहाटे आणि रात्री दिव्याच्या उजेडातच केले. वायरींना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि नट-बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. जुने इंजिन उतरवणे फारसे जड गेले नाही.

खरा वेळ गिअरबॉक्सशी जोडणी करताना गेला. त्याआधी मागचे ऑइल सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधले छोटे पायलट बेअरिंग नवे घातले, कारण यांपैकी एखादे नंतर गेले तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. क्लच प्लेट मध्यावर बसवण्यासाठी भंगारातला जुना इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लच प्लेटमधून जाणारा गिअरबॉक्सचा दातेरी दांडा, वापरला. तरीही इंजिन बोटभर अंतरावर येऊन थांबले. अशा वेळी बोल्ट आवळून ते ओढून घेण्याचा मोह होतो, पण त्यात क्लच प्लेटची मधली बुशी वाकते किंवा बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाचा, कान तुटतो. मावसभावाने गाडी टॉप गिअरमध्ये ठेवली, मागचे एक चाक उचलून मला ते हळूहळू फिरवायला सांगितले आणि स्वतः दोन्ही बाजूंची फट बोटाने चाचपत राहिला. वरची आणि खालची फट सारखी नव्हती. गिअरबॉक्सखालचा जॅक किंचित वर घेताच शाफ्टचे दाते जुळले आणि इंजिन आपोआप आत सरकले. बोल्ट त्यानंतर लावले.

चालू करण्याच्या वेळी घाई केली नाही. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी न घालता कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरले, कारण आमच्या पाण्याचा पांढरा थर घरातल्या भांड्यांवरही बसतो. डिझेल बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारला, जेणेकरून बेअरिंगांपर्यंत ऑइल आधी पोहोचेल. मग हातपंपाने फिल्टरची हवा काढली. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आल्यावर नोझलचे नट सैल करून पुन्हा सेल्फ मारला आणि एकेक नट आवळत गेलो. तिसरा नट आवळताना इंजिनाने आवाज धरला, आधी अडखळत आणि मग एकसारखा.

गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला नेली तेव्हा इंजिन क्रमांकावरचे ग्रीस घासून आकडे स्वच्छ करून नेले होते, त्यामुळे पडताळणी लवकर आटोपली. नव्या क्रमांकाची नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही तसे लेखी कळवले. पहिले ऑइल लवकर बदलले आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळले. सायलेन्सरचा जोड अजून थोडा धूर सोडतो. कापूस निघायच्या आत तो वेल्डिंग करून घ्यायचा आहे.