मी साउंडवाला आहे, विषय नाही

आमच्या माध्यम अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला गटाने माहितीपट करावा लागतो. गट मी पाडते. मुलांवर सोडलं की पेठेतले पेठेतल्यांबरोबर, हॉस्टेलचे हॉस्टेलच्यांबरोबर जातात, आणि सगळ्यांच्या फिल्ममध्ये तोच फर्ग्युसन रस्ता दिसतो. यंदा विषय होता समावेशन, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणं. एका गटाने पुण्याची मंडई निवडली. दिग्दर्शिका कोथरूडची, कॅमेऱ्यावर शनिवार पेठेतला मुलगा, संशोधनाला नंदुरबारकडच्या धडगावहून आलेली, घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलणारी मुलगी. आणि साउंडला जन्मापासून न दिसणारा मुलगा. साउंड त्याने स्वतः मागून घेतला होता.

शूटिंगला मी सोबत गेले. मंडईत सकाळी आवाज रेकॉर्ड करायचा म्हणजे शिक्षाच. भाजीवाल्या मावशींची मुलाखत चालली होती. दिग्दर्शिका टेक ओके करायची आणि हेडफोन लावलेला साउंडवाला म्हणायचा, "नाही. मावशी वळल्या." कॅमेऱ्यात सगळं छान दिसत होतं, पण त्याचं बरोबर होतं. एका दिशेचं ऐकणाऱ्या माइकसमोरून माणसाने तोंड फिरवलं की आवाजातली धार जाते. मावशी का वळत होत्या तेही त्यालाच आधी कळलं. प्रश्न तो विचारत होता, उत्तर मात्र शेजारच्या धडगावच्या मुलीला मिळत होतं. "याला काय हवंय गं? याला दिसत नाही का?" त्याने तिला आपल्या मागे उभं केलं. मावशी तिच्याकडेच बघून बोलत राहिल्या, पण आवाज आता सरळ माइकवर यायला लागला. पुढची मुलाखत स्वच्छ मिळाली.

खरं भांडण एडिटच्या टेबलावर झालं. दिग्दर्शिकेने "याला दिसत नाही का" असे सगळे तुकडे शोधून एकापाठोपाठ जोडले आणि फिल्मची सुरुवातच त्यांनी केली. परिणाम जबरदस्त होता, हे मान्य करायलाच हवं. शनिवार पेठ म्हणाली, यावर बाहेरचे परीक्षक खूष होतील.

तो म्हणाला, "मी साउंडवाला आहे. विषय नाही. फिल्म मंडईवर आहे ना?"

"अरे, पण समावेशन हाच तर विषय आहे!"

"मग मला साउंड करू द्या की."

दिग्दर्शिका हट्टाला पेटली. मी मध्ये पडणार होते, तेवढ्यात एरवी गप्प बसणारी धडगावची मुलगी बोलली. त्यांच्याकडे शहरातून लोक शूटिंगला येतात आणि होळी नसताना होळीचा साज चढवून नाचायला सांगतात. "आम्ही नाचतो. मग ते जातात. आमच्याकडे कॅमेरा कुणी देत नाही." त्यानंतर ते तुकडे निघाले. दिग्दर्शिका दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही, आणि मला तिचंही वाईट वाटलं. तिला तिच्या परीने त्याच्या बाजूनेच उभं राहायचं होतं.

आवाजाचं काम तो स्वतःच्या लॅपटॉपवर करायचा. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, एका अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने 2006 मध्ये सुरू केला. रीपर हे आवाजाच्या एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर नीट चालतं, माउसला हातही लावावा लागत नाही. चित्र आमच्या लॅबमध्ये, आवाज त्याच्याकडे, आणि दोन्ही जुळवायला प्रत्येक टेकच्या आधी वाजवलेली टाळी.

मग त्याने मागणी केली, मलाही फिल्म कळली पाहिजे. म्हणजे दृश्यवर्णन हवं, पडद्यावर काय दिसतंय ते बोलून सांगणारं. चित्रपटगृहांसाठी अशा सोयींची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने 2024 मध्ये काढली, तेव्हा मागणी काही जगावेगळी नव्हती. वर्णन संवादांच्या मधल्या फटींत बसायला हवं आणि दिसतं तेवढंच सांगायला हवं, अर्थ लावायचा नाही. पहिला मसुदा शनिवार पेठेने लिहिला: "ऐतिहासिक वास्तूच्या सावलीत राबणारे कष्टकरी हात."

"हात काय करतायत?" साउंडवाल्याने विचारलं.

उत्तर येईना. धडगावच्या मुलीने कागद ओढून लिहिलं: "बाई मेथीची जुडी सोडते. पिवळी पानं काढते. परत बांधते."

"हिलाच वाचू दे," तो म्हणाला. उच्चारांवरून थोडी कुजबुज झाली. ण आणि ळ कसे लागतील वगैरे. तिने वाचलं, सगळ्या फटींत बसलं, विषय संपला.

शनिवार पेठेचा इतिहासही वाया गेला नाही. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी ही मंडई बांधायला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घालवा असं त्यांचं म्हणणं. आधी रे मार्केट म्हणून ओळखली जाणारी तीच इमारत आज त्यांच्या नावाने उभी आहे. हे त्याने भाजीवाल्या मावशींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर बोलले होते. पण मग मी बसले कुठं असते?" फिल्ममधलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे.

परीक्षकांच्या गुणपत्रिकेत दृश्यवर्णनाला रकाना नव्हता. मी ते 'ध्वनी'खाली धरलं. त्यावर साउंडवाल्याची तक्रार आली, की मॅडम, लेखन तिचं आहे, तर ते गुण तिच्या नावावर लेखनात जायला हवेत. गुणपत्रिका मी बदलून घेतली.